तिसऱ्या घंटेला चंपी बाहेर पडते

आमच्या घरमालकांचा खरा आवाज कसा आहे, हे त्यांच्या घरात बिऱ्हाड करून वर्ष होत आलं तरी मला ठाऊक नव्हतं. ते कुजबुजत. पण त्यांची कुजबुज म्हणजे तुम्हीआम्ही कानाशी लागून करतो तसली नव्हे! ती ओसरीवरून निघायची, अंगण ओलांडायची, फाटकाबाहेर पडायची आणि गल्लीपलीकडे परबांच्या स्वयंपाकघरात जाऊन थेट फोडणीत पडायची. मालकांनी उमेदीची सगळी वर्षं एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढली होती. विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याला असं पुरवायचं, की नटाला ऐकू जावं आणि प्रेक्षकाला जाऊ नये. कंपनी बुडाली, मालक गोरेगावला येऊन राहिले, आणि त्या कलेतला 'जाऊ नये' हा भाग तेवढा मागे राहिला.

कला मात्र चालूच होती. समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला रे अडखळला, की मालक त्याला शब्द पुरवत. दूधवाल्याला, पोस्टमनला, सत्यनारायणाची पोथी सांगणाऱ्या भटजींनासुद्धा. आमचं आणि त्यांचं बिऱ्हाड यांच्यात एकच भिंत होती. एकदा आमच्याकडे कडाक्याचं भांडण चालू होतं, म्हणजे बायको बोलत होती. "तुम्ही म्हणजे ना, तुम्ही म्हणजे अगदी..." असं म्हणून ती शब्द शोधायला थांबली, तोच भिंतीपलीकडून अलगद आलं, "बेजबाबदार."

"हो, बेजबाबदार!" बायको म्हणाली आणि पुढे सुटली. जरा वेळाने पुन्हा अडली. "आणि वर तोंड करून..."

"हसताय काय," पलीकडून.

मी खरोखरच हसत होतो. भिंतीतून हे त्यांना कसं दिसलं, ते देव जाणे!

चालायचे ते नेहमी भिंतीच्या, कुंपणाच्या कडेने. भर रस्त्याच्या मधोमध मी त्यांना कधी पाहिलं नाही. परबांच्या मुलीच्या लग्नात फोटो काढला, त्यात मालकांचं फक्त कोपर आलंय. मांडवाच्या खांबामागून. ते म्हणायचे, "मी दिसलो म्हणजे प्रयोग फसला."

आणि जगातले सगळे अनर्थ त्यांच्या मते एकाच कारणाने होत: चुकीच्या वेळी एंट्री. एका पौराणिक नाटकात म्हणे ऋषी आत जायला आणि राक्षस बाहेर यायला एकाच विंगेत गाठ पडली. ऋषींची दाढी राक्षसाच्या शिंगात अडकली. "दोघं तसेच स्टेजवर गेले हो!" मालक डोळे विस्फारून सांगत. "ऋषी शाप देतायत, राक्षस म्हणतोय आधी दाढी सोडवा. पब्लिक वन्स मोअर द्यायला लागलं! तेव्हापासून मी शपथ घेतली. माझ्या विंगेत दोन पात्रं समोरासमोर येणार नाहीत."

ही शपथ त्यांनी पाळली. मग मी आलो. आणि माझ्याबरोबर गुंड्या आला.

गुंड्या हा माझा कुत्रा. चोरांपासून राखण करील म्हणून मी तो आणला, पण त्याला चोर आवडत. त्याला सगळेच आवडत. वासराएवढा देह आणि आत नुसतं प्रेम. दिसला कुणी की धाव, घाल उडी, चाट तोंड. मी त्याला कधी बांधलं नाही. पन्नास सालानंतरचं ते गोरेगाव! स्टुडिओ सोडले तर सगळी भातशेतं, आमची गल्ली म्हणजे दोन्हीकडे मेंदीची कुंपणं आणि मधे बैलगाडी जाईल एवढी लाल वाट. इथे कुत्र्याला बांधायचं म्हणजे काय? गुंड्या पुढे सुटायचा, मी मागून ढेंगा टाकत यायचो आणि गुंड्या ज्याच्या अंगावर जाईल त्याला लांबूनच हात हलवून सांगायचो, "घाबरू नका हो, तो काही करत नाही!"

मालकांकडे चंपी होती. कंपनीच्या शेवटच्या मुक्कामात मुकुटांच्या पेटाऱ्यात जन्मलेली. पांढरी, ठेंगणी, एक कान उभा आणि एक पडलेला. मालक तिला रोज सकाळी फिरायला नेत तेव्हा तिच्या गळ्यात पडद्याची दोरी असे. खरीखुरी, लाल रेशमी, टोकाला गोंडा असलेली! दोघं कुंपणाच्या कडेकडेने जायची, चिंचेपाशी थांबायची, पुढे विहिरीला वळसा घालून परत. चंपीच्या आयुष्यातला तो एकुलता एक दौरा आणि मालकांच्याही.

एका सकाळी चिंचेपाशी ही दोघं आणि गुंड्या समोरासमोर आली. मी बराच मागे होतो, पण वाक्य वेळेवर टाकलं, "घाबरू नका, तो काही करत..."

यापुढचं मालकांनी पुरवलं नाही, कारण ते खाली पडत होते. गुंड्याने प्रेमाने उडी घातली. चंपीने पळायला पाहिलं, पण पळणार कुठे? दोरी! ती मालकांच्या पायाभोवती फिरली, दोरीही फिरली, मालक आडवे झाले, गुंड्या त्या तिघांच्या, म्हणजे मालक, चंपी आणि दोरी यांच्या, भोवती आनंदाने नाचू लागला आणि चंपी किंचाळत चराच्या चिखलात गेली. मी धावत पोचलो तेव्हा मालक दोरीत गुंडाळलेले, टोपी नाही, आणि तरीही कुजबुजत होते.

"तुमचा काही करत नाही, हे तुम्हाला ठाऊक, त्याला ठाऊक. चंपीला कोण सांगणार?"

"पण मालक, तो नुसता खेळायला..."

"अहो, मोकळ्या पात्राला नको वाटलं तर एग्झिट घेता येते. बांधलेल्या पात्राने काय करायचं? स्टेजवर उभं राहून मार खायचा?"

मी चरात उतरून त्यांची टोपी शोधू लागलो.

चंपीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या दिवसापासून ती फाटकाबाहेर पडेना. दोरी दिसली की पलंगाखाली. उचलून बाहेर ठेवली की अंगाचा असा थरकाप, की मालकच तिला छातीशी धरून आत पळत. अंगणातल्या पेरूभोवती एक चक्कर, संपला दौरा. जेवण अर्ध्यावर आलं. भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. मालकांचंही बाहेर जाणं सुटलं. चंपीशिवाय फिरायला ते तयारच नव्हते.

आणि मग एका रविवारी मालकांनी गल्लीतल्या सगळ्या कुत्रेवाल्यांना ओसरीवर बोलावलं. कंपनीचा लिलाव झाला तेव्हा लोकांनी मखमली पडदे नेले, सिंहासनं नेली, मालकांनी काय आणलं? घंटा! नाटक सुरू होण्याआधी तीनदा वाजते ती पितळी घंटा. ती त्यांनी फाटकाच्या खांबाला टांगली होती.

"पहिली घंटा, चंपीचं खाणंपिणं उरकलं," मालक कुजबुजले. "दुसरी घंटा, गळ्यात दोरी. तिसरी घंटा, एंट्री! तिसऱ्या घंटेच्या आत ज्याचा कुत्रा त्याने घरात घ्यायचा. बांधा, कडेवर घ्या, पलंगाखाली कोंडा, माझी हरकत नाही. आम्ही परत आलो की पुन्हा एकदा घंटा देईन. मग गल्ली तुमची."

परब वेंगुर्ल्याकडचे, गिरणीत कामाला. त्यांचा वाघ्या उभ्या गल्लीचा दादा. ते म्हणाले, "मालकांनू, माझो वाघ्या माकाच घाबरना नाय, तुमच्या घंटेक काय घाबरतलो?"

"वाघ्याने घाबरायचं नाही, परब. तुम्ही ऐकायचं."

लोक हसले. पण झकास जमलं हो! दुसऱ्या दिवशी तिसरी घंटा झाली आणि गल्ली अशी रिकामी, की कुंपणातला सरडा ऐकू यावा. चंपीने उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवले. हुंगलं. आत गेली. पुढल्या दिवशी चारही पाय बाहेर! मग कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. आम्ही सगळे आपापल्या खिडक्यांच्या फटींना डोळे लावून. चंपी ज्या दिवशी चिंचेला पाय लावून आली त्या दिवशी परबांच्या मंडळींनी मालकांकडे नारळाच्या वड्या पाठवल्या.

आता माझी अडचण ऐका. गुंड्या हाकेला यायचा नाही. तिसऱ्या घंटेआधी त्याला घरात घेणं म्हणजे मी लुंगी सावरत उभी गल्ली धावणं. गुंड्याला वाटे, खेळच आहे! म्हणून मी एक शक्कल काढली. चहात बुडवून खायची ती कडक गोल बटरं असतात ना, त्यातलं एक तिसरी घंटा झाली की दारात धरायचं. आमचं दार गल्लीतच उघडायचं, मालकांच्या फाटकाला लागून. चार दिवसांत गुंड्या घंटेसरशी बाणासारखा घरात! मी बायकोला म्हटलं, "बघ! याला म्हणतात डोकं."

डोकं तिथेच थांबतं तर बरं होतं. तिसऱ्या घंटेला आमच्या दारात बटर मिळतं, ही बातमी गुंड्याने फोडली असावी. एके दिवशी वाघ्या आला. परबांनी त्याला खिडकीच्या गजाला बांधला होता, तो दोर तोडून आला. त्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, मी अर्धं बटर दिलं. मग विहिरीवरची काळी आली. मग स्टुडिओकडचे दोन उनाड. मी आपला प्रत्येकाला तुकडा देतोय आणि मनात म्हणतोय, काय गोड जनावरं आहेत!

आणि एका सकाळी मालकांनी तिसरी घंटा दिली, फाटक उघडलं, दोरी धरून चंपीला घेऊन पाऊल टाकलं तर समोर सात-आठ कुत्री, ओळीने, जिभा बाहेर काढून बसलेली! सगळी मोकळी. आत मावेनात, म्हणून मी पायरीवर, हातात डबा.

चंपी क्षणभर उभी राहिली. मग तिने असा हिसका दिला की दोरीचा गोंडा मालकांच्या हातात राहिला, आणि ती पलंगाखाली गेली ती दोन दिवस पाण्यालासुद्धा बाहेर आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तोंड दाखवायला गेलो. मालक ओसरीवर बसले होते. म्हणाले, "दिवाळीला माझी पुतणी येईल सांगलीहून. तिच्याबरोबर चंपीला पाठवतो. तिथे मोठं आवार आहे. इथे काय तिने पलंगाखालीच मरायचं?"

हे ते कुजबुजले नाहीत. साध्या आवाजात बोलले. पातळ, जरासा चिरका, म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी ज्याची वर्षभर उत्सुकता धरली होती तो हाच. ऐकला आणि मला पळून जावंसं वाटलं.

घरी आलो तर बायको उभी. "पाठवतायत ना तिला? झालं समाधान? त्या म्हाताऱ्याला आहे का दुसरं कुणी? तुम्ही म्हणजे अगदी..." ती थांबली. मीही थांबलो. आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडून काही आलं नाही.

दिवाळी आठवड्यावर आली. मालकांनी एका भजनी मंडळाला घंटा देऊन टाकायचं ठरवलं आणि सकाळी स्टुलावर चढून ती खांबावरून काढायला लागले. हुकातून निघताना ती हातात वाजली. एकदा, दोनदा, आणि स्टूल डगमगलं तशी तिसऱ्यांदा.

मी दाढी करत होतो. बाहेर धबधब पाय वाजले. डोकावतो तर सगळी मंडळी हजर! गुंड्या मध्यभागी, शेजारी वाघ्या, मग काळी, मग उनाड. सगळ्यांचे डोळे माझ्या दाराकडे. आणि मालक स्टुलावर उभे, घंटा पोटाशी धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाकडे बघतायत.

"गल्लीतलं एखादं कुत्रं राहिलं आहे का यायचं?" त्यांनी विचारलं. कुजबुजत!

"नाही मालक, सगळेच आलेत. मी आत्ता हाकलतो..."

"हाकलू नका! खबरदार हाकलाल तर! अहो, हाउसफुल्ल आहे!" स्टुलावरून त्यांनी चक्क उडी मारली. "सगळं पब्लिक पुढे बसलंय. विंगेत कुणी नाही. मागे विहिरीकडे, बांधावर, चिटपाखरू नाही. कळतंय का तुम्हाला?"

मला कळलं नव्हतं. बायकोला कळलं. ती माझ्या मागून ओरडली, "घंटा पुढे वाजवायची आणि चंपीला मागच्या दाराने काढायचं!"

"वहिनी," मालक म्हणाले, "तुम्ही कंपनीत असायला हव्या होत्या."

दुसऱ्या दिवशी प्रयोग ठरला. घंटा आणि बटर माझ्याकडे. मालकांनी मला तालीम दिली. तुकडे बारीक करायचे. एका वेळी एकालाच. घाई नाही. चंपी मागच्या दाराने विहिरीपर्यंत जाऊन तशीच परत येईस्तोवर हे पुरलं पाहिजे. "एकही डोकं मागे वळलं, तर तुमचा प्रयोग पडला आणि माझी चंपी सांगलीला गेली. आहे लक्षात?"

होतं हो लक्षात! त्यानेच घात केला. मी पहिली घंटा दिली, दुसरी दिली. तिसरीला गल्ली भरली. भिंतीपलीकडून मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला आणि मला काय चढलं कोण जाणे, मी लग्नात अक्षता टाकाव्यात तसं बटर उधळायला लागलो! घे गुंड्या! घे वाघ्या! हे तुला, हे तुला! समोरच्या खिडकीतून परब ओरडले, "हळू रे, हळू! पंगत न्हय ती!" तोवर डब्याचा तळ दिसला.

"संपलं!" मी बायकोला म्हटलं.

"संपलं? अहो, ती आत्ता बाहेर पडली असेल!"

"काहीतरी आण! काहीही!"

तिने माझा ऑफिसचा डबा आणून हातात कोंबला. पोळी-भेंडी. मी पोळीचे तुकडे करू लागलो. कुत्र्यांनी भेंडीसुद्धा खाल्ली, जी मी इतकी वर्षं खाल्ली नव्हती. एक पोळी संपली. दुसरी संपली. वाघ्या उठून उभा राहिला. काळीने मान वळवायला सुरुवात केली, मी तिच्या नाकासमोर लोणच्याची फोड धरली. आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाला मला काय दिसलं?

चंपी! गल्लीत! पुढून!

विहिरीपासून परत फिरायचं ठरलं होतं ना? चंपीला ते कुणी सांगितलं नव्हतं. मोकळा बांध दिसला, जुनी वाट दिसली आणि ती निघाली की! दोरी ताठ, पुढे चंपी, मागे मालक फरफटत, एका हाताने धोतर आवरतायत, दुसऱ्या हाताने मला खुणा करतायत. तीही कुंपणाच्या कडेने नव्हे. रस्त्याच्या मधोमध! आणि दोघांच्या आणि फाटकाच्या मध्ये ही सगळी फौज, पाठ करून बसलेली.

डब्यात आता चतकोर पोळी. मी ती वर धरली. सगळी डोकी वर. चंपी चिंचेपाशी आली. कुंपणाच्या कोपऱ्याशी आली. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की पोळी सुटली, डबा सुटला, ठण्णकन पायरीवर! सगळे डब्यावर तुटून पडले. गुंड्या सोडून. त्याला चंपीचा वास लागला होता. तो वळला. शेपूट फिरायला लागलं. मागचे पाय दबले. ती उडी मी ओळखत होतो!

मी काही बोललो नाही. पायरीवरून सरळ त्याच्या अंगावर पडलो. दोन्ही हात गळ्यात, गुडघे मातीत, माझी लुंगी कुठे आणि मी कुठे. "धर, धर!" परब खिडकीतून. मी धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला.

चंपी थांबली. मालक थांबले. त्यांनी तिला मागे ओढली नाही, उलट दोरी सैल सोडली. गल्लीत नुसता डबा चाटल्याचा आवाज. गुंड्या माझ्या मिठीतून सुटायला धडपडतोय. चंपीने एक पाऊल टाकलं. मग एक. मान लांब केली, इतकी लांब की मागचे पाय तिथेच राहिले, आणि गुंड्याच्या नाकाला नाक लावलं. मग माझ्या नाकाला. माझ्यावर ती एकदा जोरात भुंकली. गुंड्याला मात्र माफ केलं.

फाटक सताड उघडं होतं. ती त्याच्यापाशी आली आणि त्याच्याकडे न बघता पुढे गेली! शेपूट वर, उभा कान उभा, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे, जिकडे ती पूर्वीही कधी गेली नव्हती. दोरी ताणली गेली तसे मालकही निघाले, धोतराचा सोगा मातीतून ओढत.

"मालक, कुठे?" मी मातीतूनच ओरडलो.

"मला काय विचारता, तिला विचारा!" वळणावरून त्यांचा आवाज आला. "आणि सांगलीला कार्ड टाका आजच्या आज! म्हणावं, फराळाला ये, पण परत जाशील ती एकटी!"